लाखेखालची पांढरी साडी

सकाळचे आठ. कार्यशाळेत शिरलं की दिव्याच्या बटणाआधी माझी नजर भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे जाते. आज ६४ टक्के. जानेवारीतली पुण्याची सकाळ, बाहेर गारठा आणि खिडकीच्या काचांवर दव. अशा हवेत अल्कोहोलची बाटली उघडायची नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. अल्कोहोल उडताना चित्राचा पृष्ठभाग गार पडतो, गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी उतरतं आणि ते लाखेत शिरलं की लाख पांढुरकी होते. अकरा वाजून गेले की हवा कोरडी होईल, आकडा चाळिशीजवळ येईल. खरं काम तेव्हा. पावसाळ्यात तर हे काम मी घेतच नाही. लोक जुलैत चित्र घेऊन येतात, दिवाळीनंतर हात लावेन म्हटलं की हिरमुसतात. पण कागदापुढे आणि हवेपुढे कुणाचीच घाई चालत नाही.

टेबलावर सरस्वती आहे. रविवर्मा छापखान्याचं ओलिओग्राफ, साधारण २० इंच बाय १४ इंच. खडकावर बसलेली देवी, हातात वीणा, जवळ मोर, मागे पाणी. मराठी घरांतून ही सरस्वती इतकी लागलेली होती की चित्र समोर नसलं तरी साडी पांढरी आहे हे कुणीही सांगेल. या चित्रात ती पांढरी नाही, गडद तपकिरी आहे. पाण्याचा निळा शेवाळी झालाय, चेहऱ्यावरचा उजेड पार विझलाय आणि मोराची निळाई शोधावी लागते. उजव्या बाजूला वरून खाली उतरलेले दोन ओघळ आहेत, तिथे थर इतका जाड आहे की त्याला नख लागेल.

चित्र ज्यांचं आहे त्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या सासरी, जुन्या वाड्याच्या माजघरात ते होतं. काच कधीतरी फुटली ती पुन्हा बसलीच नाही. मग एका वर्षी घरातल्या कपाटांना आणि दारांना लाखेचं पॉलिश करायला माणूस आला होता, तेव्हा सासूबाईंनी त्याला म्हटलं, देवीवरही एक हात फिरव, धूळ तरी बसणार नाही. त्याने चौकटीतून चित्र न काढता, भिंतीवरच, ब्रशने हात फिरवला. चांगल्या मनाने केलेली गोष्ट. पण आम्हाला तिचा एक मोठा उपयोग झाला. चौकटीच्या खाचेत दबलेली कडेची पट्टी, जेमतेम सात-आठ मिलिमीटरची, पॉलिशपासून वाचली. छापखान्यातून बाहेर पडलं तेव्हा चित्र कसं दिसत होतं, याचा पुरावा त्या पट्टीत आहे. दिवसभर मी तिच्याकडे बघत काम करते.

नऊ वाजता शिकायला येणारी मुलगी आली. तिने आल्या आल्या पडदे ओढले, दोघींनी पिवळे चष्मे चढवले आणि अतिनील दिवा लावला. हे काम आम्ही आधीही केलं आहे, पण रोज सुरुवातीला पुन्हा करतो, कारण काल कुठवर पोहोचलो ते या उजेडात जितकं स्पष्ट कळतं तितकं साध्या उजेडात कळत नाही. लाख अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. राळेची, म्हणजे झाडाच्या डिंकासारख्या रसाची, जुनी व्हार्निशं हिरवट-पिवळी दिसतात. आमच्या सरस्वतीचा वरचा डावा भाग काल साफ झाला, तो आता मंद हिरवट दिसतो. बाकीचं चित्र नारिंगी. आणि खाचेतली पट्टी? तीही मंद हिरवट.

"म्हणजे खाली अजून एक व्हार्निश आहेच," ती म्हणाली. "ताई, मग तेही काढायचं का?"

हा प्रश्न या पेशात पडायलाच हवा. कागदावरच्या नकाशावर, जलरंगावर किंवा साध्या छापील चित्रावर नंतर कुणी व्हार्निश लावलं असेल तर उत्तर तुलनेने सोपं असतं. तिथे ते परकं आहे. ओलिओग्राफचं तसं नाही. ही छपाई तैलचित्राचा भास द्यावा म्हणूनच जन्माला आली. तेलाच्या शाईत एकावर एक रंग छापायचे, मग वरून व्हार्निशचा हात द्यायचा, आणि काही चित्रांवर तर कॅनव्हासच्या विणीचा ठसाही दाबायचा. ज्याला रविवर्म्यांचं मूळ चित्र घेणं शक्य नाही, त्याच्या भिंतीवर निदान तसं दिसणारं चित्र लागावं, हा त्यामागचा हेतू. ते पहिलं, पातळ व्हार्निश काढून टाकलं तर मी चित्र स्वच्छ केलं असं होत नाही. चित्राचा एक भाग कापून टाकला असं होतं. तेव्हा वरची लाख काढायची, खालचं व्हार्निश पिवळं झालेलं असलं तरी राहू द्यायचं. साडी शुभ्र होणार नाही, जुन्या कागदाइतकी पांढरी होईल. काकूंना हे आधीच सांगून, त्यांची सही घेऊन ठेवली आहे.

मग सूक्ष्मदर्शक. दहापट मोठं करून पाहिलं की चित्र नाहीसं होतं आणि छपाईच्या दगडावर हाताने टिंबलेले ठिपके दिसायला लागतात. एका मापाच्या जाळीतले नव्हेत. लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ, कारागिराच्या मनगटाचे. एकेका रंगासाठी एकेक दगड. गालावरच्या गुलाबीत चार रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यावर पातळ पिवळसर थर, आणि त्याच्यावर लाखेचा जाड थर. दोघांच्या मध्ये काजळीची एक बारीक काळी रेघ. ती काजळी देवघरातल्या समईची आणि उदबत्तीची. काच फुटल्यापासून पॉलिश होईपर्यंतच्या वर्षांची ती नोंद आहे. दोन थर एकाच वेळी लावलेले नाहीत, हे तिच्यामुळे खात्रीने म्हणता येतं.

पण शाईला भेगा आहेत. मोराच्या पिसाऱ्यापाशी कागद पूर्वी दुमडला होता, तिथे शाईचे कपचे उडालेत आणि उघडा कागद दिसतो. दिवसभराची सगळी काळजी या जागांची.

कारण कागद पितो. कॅनव्हासवरच्या तैलचित्राचं व्हार्निश काढणाऱ्याच्या मनात पृष्ठभागाचा विचार असतो: वरचा थर विरघळवला, कापसाने उचलला, झालं. कागदाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. विरघळलेलं तपकिरी जाणार कुठे? वर कापसात, की खाली तंतूंमध्ये? द्रव मोकळा सोडला तर तो कागदात शिरतो, सोबत लाख नेतो, पसरत पसरत जिथे सुकायला लागतो तिथे सगळा मळ टाकून देतो. तिथे तपकिरी रेघ उमटते. एकदा तंतूंत घट्ट झालेली लाख पुन्हा पूर्ण बाहेर काढता येत नाही. म्हणून मी ज्यांना ज्यांना शिकवते त्यांना एवढंच सांगत राहते की आधी जाण्याची वाट तयार करा, मग विरघळवा.

दहा वाजता रसायनांचं कपाट उघडलं. कुठलं द्रावण काय करतं, याच्या चाचण्या आठवड्याच्या सुरुवातीलाच घेतल्या होत्या. प्रत्येक चाचणी खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, बांबूच्या काडीवर गुंडाळलेल्या कापसाच्या बारीक बोळ्याने. व्हाइट स्पिरिटने लाखेला काहीच झालं नाही. नुसती वरची काजळी आली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने थर जरासा चिकट झाला. इथेनॉलने अर्ध्या मिनिटात मऊ होऊन कापूस तपकिरी झाला आणि खालच्या थराची चमक तशीच राहिली. ॲसिटोनच्या बोळ्यावर लाल छटा आली. ती शाईची. ॲसिटोनची बाटली त्याच क्षणी बंद करून मागे ठेवली.

अजून एक वाट होती, क्षाराची. लाख टाकणखाराच्या पाण्यात विरघळते, हे जुन्या कारागिरांना ठाऊक आहे. पण तेलाची शाई क्षाराने सैल होते, आणि या चित्रात आणखी एक अडचण आहे तिच्याकडे नंतर येते.

जुनी लाख नव्या लाखेसारखी राहत नाही. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये घातला की सुतार सकाळी भिजवून संध्याकाळी वापरतो, इतकी ती सहज विरघळते. पण वर्षं गेली की तिचे रेणू आपापसात बांधले जातात. मग ती विरघळायच्या ऐवजी फुगते. त्यामुळे घाईचा उपयोग नाही. इथेनॉल जागेवर धरून ठेवायचं, वाहू द्यायचं नाही, उडू द्यायचं नाही. त्यासाठी त्याचा जेल करावा लागतो.

तो काल संध्याकाळी लावून ठेवला होता. १०० मिलिलिटर इथेनॉलला ५ ग्रॅम क्लूसेल, म्हणजे सेल्युलोजपासून केलेली एक भुकटी. ती ढवळत ढवळत चिमटीने भुरभुरायची, एकदम टाकली की गुठळ्या होतात. रात्रभर झाकून ठेवली की सकाळी दाट, काचेसारखा स्वच्छ जेल मिळतो. शुद्ध इथेनॉल आपल्याकडे दुकानात जाऊन आणता येत नाही, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, नोंदवहीत प्रत्येक मापाचा हिशेब लागतो. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट स्वस्त आणि हाताशी असतं, पण ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मुद्दाम काहीबाही मिसळलेलं असतं. ते कागदात मागे काय सोडेल याचा भरवसा नाही, म्हणून मी ते चित्राच्या आसपासही येऊ देत नाही. नोंदवही ठेवण्याचा त्रास परवडला.

अकरा दहा. आर्द्रता ४३. सुरुवात.

बाष्प ओढणारा पंखा चालू, कार्बनच्या डब्यांचा मुखवटा चढवलेला, हातमोजे घातलेले. चित्राखाली नवा टीपकागद. मी चौकोन आखून काम करत नाही. चौकोन पाडले की शेवटी चित्रावर खिडक्यांच्या कडा दिसत राहतात. चित्रातल्याच रेषा धरायच्या: पदराचा काठ, वीणेची दांडी, खडकाची कड. आज पदर.

आधी उघड्या भेगा झाकायच्या. मोराच्या बाजूची भेग पदराच्या काठापर्यंत आली आहे. तिच्यावर बारीक ब्रशने मिथाइल सेल्युलोजचं पाण्यातलं दाट मिश्रण रेघेसारखं भरलं आणि सुकू दिलं. ते पाण्यात विरघळतं, इथेनॉलमध्ये नाही. अल्कोहोलला तिथून कागदात शिरायची वाट अडली. काम झालं की ओलसर बोळ्याने ते काढून टाकता येतं.

मग पदराच्या एका चुणीएवढा पातळ जपानी कागद. त्यावर ब्रशने जेलचा सारखा थर. त्यावर पारदर्शक पॉलिएस्टरचा तुकडा, म्हणजे अल्कोहोल उडणार नाही. विद्यार्थिनीच्या हातात घड्याळ. नव्वद सेकंद.

या नव्वद सेकंदांत करण्यासारखं काही नसतं, फक्त बघायचं. मी सूक्ष्मदर्शकातून बघते. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच नाही. मग लाखेवर बारीक सुरकुत्या येतात. ब्रशच्या केसांनी पडलेल्या रेघा, ज्या इतकी वर्षं टणक होत्या, त्या गोलसर व्हायला लागतात. शेवटच्या वीस सेकंदांत थर खालून सुटतो आणि दुधावरच्या सायीसारखा एकसंध हलतो.

"नव्वद."

पॉलिएस्टर काढला. जपानी कागद चिमट्याने एका कोपऱ्यातून उचलला, आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर. सरळ वर ओढला तर शाई उखडण्याचा धोका. बरीचशी लाख त्याच्याबरोबर आली. राहिलेली बोळ्याने. बोळा घासायचा नाही, गोल फिरवायचा. फिरताना तो मळ उचलतो आणि आपल्या पोटात घेतो. एक फेरी झाली की टाकायचा आणि नवा घ्यायचा. घासलं तर शाईचे ठिपके तुटतात, आणि जिथे शाई नाही तिथे कागदाचे तंतू उभे राहतात. ते पुन्हा बसत नाहीत. मग जेलचा अंश राहू नये म्हणून इथेनॉलने दमट केलेल्या बोळ्याच्या दोन हलक्या फेऱ्या, आणि लगेच कोरडा टीपकागद नुसता टेकवायचा.

चुण दिसली. सावलीत करडा-निळा रंग आहे, उजेडात कागदाचा उबदार पांढरा, आणि काठावर सोनेरी पिवळ्याची बारीक वेल. ती वेल तपकिरीत पूर्ण बुडालेली होती. ती तिथे आहे हेच काकूंना माहीत नसेल. शेजारची चुण अजून लाखेखाली. दोन्हींच्या मध्ये पदराची छापील रेघ.

"इतकं पांढरं होतं हे," मुलगी हळूच म्हणाली. मी तिला खाचेतली पट्टी दाखवली. दोन्हीकडे बघ, जुळतंय ना? पट्टीपेक्षा जास्त पांढरं झालं तर आपण खालच्या व्हार्निशमध्ये शिरलो असं समजायचं. तिने भिंग लावून दोन्हीकडे तीन वेळा बघितलं आणि मान डोलावली.

पुढची चुण. मग तिच्या पुढची. ओघळाच्या जागी नव्वद सेकंद पुरत नाहीत, पण मी तिथे वेळ वाढवत नाही. दोनदा-तीनदा करते, दर वेळी वाळू देते. एकाच वेळी जास्त वेळ जेल ठेवला तर खालचा थरही भिजायला लागतो, आणि मग नेमकं काय सुटतंय ते कळत नाही. मधून एकदा टेबलाला तिरकस दिवा लावून पाहिलं. या छपाईवर विणीचा पुसटसा ठसा आहे, तो शाबूत आहे. म्हणून तर शेवटी चित्र सपाट करायला वर जड वजन ठेवून चालणार नाही. दाबलं तर ठसा बसून जाईल.

दीड वाजला. कुंकवाच्या कोयरीएवढ्या चार-पाच चुण्या झाल्या. मान आखडली. हातमोजे काढले, कारण तासाच्या वर तोच जोड ठेवायचा नाही.

जेवण बाहेरच्या ओसरीवर. आत डबा उघडायची परवानगी कुणालाच नाही. मुलगी विचारत होती की छापखाना पुण्याजवळच होता ना. होता. रविवर्म्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, राजराजवर्म्यांनी, १८९४ मध्ये तो मुंबईत गिरगावात सुरू केला. चित्रं युरोपात छापून घ्यावीत असा सल्ला त्यांना बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी दिला होता. त्याऐवजी त्यांनी यंत्रं आणि जर्मन कारागीर इकडे आणवले. मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज वाढत गेलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत होते. आमच्या सरस्वतीच्या खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव आहे. १९७२ मध्ये मळवलीला आग लागली आणि उरलंसुरलं बरंच काही त्यात गेलं. घराघरांतल्या भिंतींवर जे आहे, ते म्हणूनच महत्त्वाचं. या छपाया हजारोंनी निघाल्या, स्वस्त होत्या, म्हणून त्यांना जपायचं कशाला, असं कुणी म्हणतं तेव्हा मला राग येतो. स्वस्त होत्या म्हणूनच त्या देव्हाऱ्यात पोहोचल्या, आणि देव्हाऱ्यात पोहोचल्या म्हणूनच त्यांच्यावर धूर, तेल, पॉलिश सगळं बसलं. आपल्या घरांचा इतिहास ज्यावर थर बनून बसला आहे, असं आणखी काय दाखवता येईल?

अडीच. उजव्या खालच्या कोपऱ्याचं काम.

चित्र आमच्याकडे येण्याआधी एका फ्रेमवाल्याकडे गेलं होतं. त्याने कोपरा कापडाला थिनर लावून पुसून पाहिला. कापड तपकिरी झालं म्हणून त्याला वाटलं निघतंय, म्हणून आणखी थिनर. मग समासात, जिथे शाई नाही आणि कागद उघडा आहे, तिथे ते सगळं शिरलं. एक वाकडी तपकिरी रेघ आणि तिच्या आत पारदर्शक झालेला कागद. प्रत्येक फ्रेमवाला असा नसतो, पण थिनर, स्पिरिट, लिंबू, बटाट्याची फोड, ओलं फडकं हे सगळं चित्रांवर वापरलं जातं आणि प्रत्येकाचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. ओलं फडकं सगळ्यात वाईट. पाण्याने लाख पांढरी होते आणि लाखेखालच्या कागदाचा गोंदही हलतो.

कोपरा सक्शन टेबलावर घेतला. सच्छिद्र पत्र्याखालून पंप हवा खाली ओढतो. वर चित्र, मध्ये टीपकागदाचे थर. समास सोडून बाकी चित्र पातळ पॉलिएस्टरने झाकलं. ड्रॉपरने इथेनॉलचा एक थेंब रेघेच्या बाहेरून सोडला, आतून नाही. बाहेरून सोडला तर तो मळाला आत, डागाच्या मधल्या बाजूला नेतो, आणि पंप तो लगेच खाली टीपकागदात ओढून घेतो. आतून सोडला तर रेघ बाहेर सरकते आणि डाग वाढतो. थेंब, थांबा. टीपकागद बदला. थेंब, थांबा. टीपकागदावर पहिल्यांदा गडद तपकिरी ठिपका, मग फिका, मग नुसता पिवळा. रेघ गेली नाही. निम्मी फिकी झाली. मुलीला वाटलं आणखी करूया. मी पंप बंद केला. लाकडाच्या लगद्याचा तो कागद, शंभर वर्षांच्या आम्लाने ठिसूळ झालेला. अल्कोहोल त्यातलं पाणी काढून घेतं आणि तो आणखी ठिसूळ होतो. राहिलेली रेघ चौकटीच्या खाली झाकली जाईल. तिच्यासाठी कागद पणाला लावायचा नाही.

सव्वाचारला काकूंचा फोन. मीच त्यांना संध्याकाळी बोलू म्हटलं होतं, कारण आता ती दुसरी अडचण.

देवीच्या पायाशी, खडकाच्या कडेला, हळदीकुंकवाची बोटं आहेत. पाच-सहा, एकावर एक. सूक्ष्मदर्शकाखाली कळतं की ती लाखेच्या वर नाहीत, खाली आहेत: काच फुटल्यानंतर लावलेली, आणि पॉलिशवाल्याने त्यांच्यावरूनच ब्रश फिरवला. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये झटकन विरघळतो. म्हणजे तिथे लाख काढायला गेले तर हळद सुटणार, आणि पिवळी होऊन खडकावर पसरणार. क्षाराची वाट म्हणूनच बंद होती. हळद क्षाराला लागली की लाल होते. कुंकू पूर्वी असंच हळदीला चुना देऊन करत. डाग म्हणून ती बोटं पूर्ण काढायची, की तेवढ्या जागेवर लाख तशीच सोडायची, हे मी एकटीने ठरवू नये असं मला वाटलं. चित्र छापखान्याचं आहे, पण ती बोटं त्यांच्या घरची आहेत.

"काकू, पायाशी हळदीकुंकू आहे. ते ठेवायचं असेल तर तिथलं पॉलिश काढता येणार नाही. करंगळीच्या नखाएवढी जागा तपकिरीच राहील."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "नवरात्रात सासूबाई लावायच्या. मुलं शाळेत जायला लागली की त्यांच्या हातूनही लावून घ्यायच्या. खालचं लहान बोट असेल ना एखादं?"

"आहे. एक लहान आहे."

"मग राहू द्या हो ते. काळं दिसलं तरी चालेल."

त्यांनी मग विचारलं की पुढे पुन्हा लावलं तर चालेल का. मी सांगितलं, नवी काच बसवणार आहोत, काचेवर लावा, आणि वर्षातून एकदा काच कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं, सुनेला सांगते म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मुलीने नकाशावर त्या जागेभोवती पेन्सिलीने रेघ आखली. आमचा नकाशा म्हणजे चित्राच्या छायाचित्रावर ठेवलेला पारदर्शक कागद. कुठे काय केलं, कुठे मुद्दाम काही केलं नाही, हे त्यावर नोंदवायचं. "लाख राखली, मालकांच्या इच्छेने" असं तिने लिहिलं, खाली तारीख. उद्या कुणी दुसरा कागदतज्ज्ञ हे चित्र हातात घेईल, तेव्हा तिथला तपकिरी ठिपका आमच्याकडून सुटला असं त्याला वाटायला नको.

पाच वाजता तासभर दुसरं काम. जुन्या शाळेतून आलेला मुंबई इलाख्याचा भिंतीवरचा नकाशा. कापडावर चिकटवलेला, वरून व्हार्निश, आणि गुंडाळून गुंडाळून आडव्या भेगा पडलेल्या. याचं काम मनाला सोपं आहे. नकाशे बनवणारे व्हार्निशच्या आधी कागदावर सरसाचा किंवा खळीचा हात देत, त्यामुळे व्हार्निश वरच राहिलं. जिथे खळ नीट लागली नव्हती तेवढ्याच दोन जागी कागद तेलकट पारदर्शक झालाय. इथे मला लाख नाही, राळ दिसते. शाईवरही परिणाम होत नाही आणि हाताने भरलेले सीमेचे रंग इथेनॉलला दाद देत नाहीत. पुढच्या आठवड्यात तो पन्हाळीसारख्या उथळ तबकात अल्कोहोलच्या स्नानात घालणार. आज फक्त कापडापासून सैल झालेल्या भागांवर पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. रत्नागिरीजवळची एक पट्टी उद्या पुन्हा बघायची आहे, ती पुरती बसली नाही.

सव्वासहा. उजेड गेला की रंगाचं काम थांबवायचं. कृत्रिम उजेडात पिवळा आणि पांढरा यांतला फरक डोळ्याला फसवतो, आणि या चित्रात सगळा निर्णय त्या फरकावर आहे. वापरलेले बोळे आणि टीपकागद झाकणाच्या डब्यात. ते उघडे ठेवायचे नाहीत, बाष्प उडतं आणि आगीचंही भय. इथेनॉलच्या नोंदवहीत आजचं माप. आर्द्रतेच्या नोंदी. छायाचित्रं: साध्या उजेडात, तिरकस उजेडात, अतिनील उजेडात. पदर आता नारिंगीतून बाहेर आलाय, त्याच्या भोवती अजून लाख चमकते.

उद्यासाठी मी यादी केली. जेल नव्याने लावायचा, आजचा उरलेला टाकायचा. वीणेच्या दांडीपासून सुरुवात, कारण तिथली शाई गडद आहे आणि थर पातळ. चेहरा सगळ्यात शेवटी, तोवर हाताला या लाखेची सवय पुरती झालेली असेल. पायाशी जाणारी खडकाची कड मात्र मी कुणावर सोपवणार नाही. तिथे जेल न लावता बोळ्यानेच, आणि हळदीच्या कडेपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. मुलगी आज घरी जाऊन हळदीवर अल्कोहोलची चाचणी करून बघणार आहे, टीपकागदाच्या तुकड्यावर. मी तिला सांगितलं, एका तुकड्यावर आधी चपड्याचा हात दे, मग कर, नाहीतर काही कळणार नाही. तिने चपडा मागितला. डब्यातून मूठभर काढून पुडीत बांधून दिला आणि दाराला कुलूप लावलं.